पुडीचा कागद

माझं पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरातल्या एका चौकीवर झालं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. फौजेतला माझा ट्रेड, म्हणजे नेमून दिलेलं काम, व्हेईकल मेकॅनिकचं. वडील पिंपरीत कंपनीत फिटर, त्यामुळे पाना हातात घेऊनच मोठा झालो. चौकीचं नाव लिहीत नाही, लिहायची परवानगीही नाही. तिथे हिवाळ्यात रात्रीतून डिझेलचं तूप व्हायचं, एवढं सांगितलं की पुरे.

म्हणूनच आमच्याकडे एक म्हातारी पेट्रोल गाडी ठेवलेली होती. इकडे अशी गाडी कुणी शोरूमसारखी पुसून लग्नाच्या वरातीत फिरवतो आणि तिला क्लासिक म्हणतो. आम्ही तिला राणी म्हणायचो. नव्या डिझेल गाड्या थंडीत बसल्या की राणी उठायची. सामान, पाणी, पेशंट, सगळं तिच्यावर.

राणीचा ड्रायव्हर लान्स नायक भानुदास गवारे. चाकणच्या पलीकडच्या गावचा. जमीन होती तिथे आता कंपन्यांची गोदामं आहेत. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा, मी त्याला भानुभाऊ म्हणायचो. तो मला नावाने कधीच हाक मारायचा नाही.

"ए पिंपरीकर, गाडी खोकतीय बग."

"खोकत नाहीये भाऊ, तू चोक ओढून ठेवलायस."

"मंग सांगायचं ना लवकर. मला वाटलं तुज्या हाताला यश न्हाई."

त्याची आई आळंदीहून अंगाऱ्याची पुडी पाठवायची. ती कायम त्याच्या वरच्या खिशात. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, अंगारे-धुपारे बंद. मी त्याला चिडवायचो, "इंजिनला लाव, मायलेज वाढेल." तो म्हणायचा, "तुज्या डोक्याला लावतो, तिथं जास्त गरज हाय." यावरून आमचं भांडण कधी झालं नाही. थंडीत एकाच बुखारीपाशी, म्हणजे शेगडीपाशी, बसणाऱ्यांना भांडण परवडत नाही.

चौकीवर एक रिवाज होता. गार्ड बदलताना, जाणाऱ्या संत्र्याने, म्हणजे पहारेकऱ्याने, राणीला हँडल घालून इंजिनचे काही फेरे द्यायचे. स्विच बंद, फक्त फेरे. ऑइल गोठून इंजिन जाम होऊ नये म्हणून. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं, जुन्यांनी नव्यांना शिकवलेलं. भानुभाऊने त्याची पाळी एकदाही चुकवली नाही.

त्या आठवड्यात राणी चढावर दम तोडत होती. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, जळले होते. सकाळी उजाडताच मी डिस्ट्रिब्युटर काढला. हा भाग पेट्रोल इंजिनमध्ये ठिणगी वाटतो, कुठल्या सिलिंडरला आणि नेमकी कधी ते ठरवतो. काढण्यापूर्वी आतला रोटर कुठे बघतोय त्याची खूण मी ब्लॉकवर खडूने केली. इंजिन हललं नाही तर त्याच खुणेवर परत बसवायचा, काम सोपं. संत्र्याला सांगितलं, आज हँडल मारायचं नाही, पुढच्यालाही सांग; मग बॉनेटवर नेहमीची रजई टाकली आणि पॉइंट घासायला बुखारीपाशी गेलो.

मग गार्ड बदलला. दोन संत्र्यांचं बोलणं वाऱ्यात अर्धं ऐकू येतं, अर्धं उडून जातं. माझा निरोप उडालेल्या अर्ध्यात गेला. नव्या गार्डवर भानुभाऊ होता, आणि त्याची ड्यूटीही लवकर संपली, कारण सुभेदार साहेबांनी त्याला बोलावलं. जाता जाता त्याने रिवाज पाळला.

साहेबांनी बोलावलं ते सिपाही रमेशसाठी. राजस्थानचा पोरगा, वर येऊन चारच दिवस झालेले. श्वास घेताना त्याच्या छातीतून पाण्यासारखा आवाज येत होता. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, फुप्फुसात पाणी भरतंय, खाली नेला नाही तर संध्याकाळ बघणार नाही.

रेडिओवर साहेब स्वतः बसले.

"चॉपर चाहिए. ओव्हर."

"मौसम बंद है. चॉपर नहीं आएगा. मरीज को गाडी से नीचे भेजो. ओव्हर."

"रॉजर."

साहेब वळले. "डिझेल?"

"जम गया है, साहब. स्टार्ट नहीं होगी."

"रानी?"

"डिस्ट्रिब्युटर बाहर है, साहब. दस मिनट."

मी धावत गाडीपाशी गेलो. बॉनेट उघडलं. शेजारी भानुभाऊ उभा, आणि हँडल पुढे खोचलेलं.

"भाऊ, इंजिन फिरवलंस?"

"व्हय. पाळी व्हती माजी."

"किती फेरे?"

"मोजतंय कोन?"

मग त्याला माझ्या हातातला डिस्ट्रिब्युटर दिसला. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. खडूची खूण आता निव्वळ रेघ होती.

इथे नागरिक मंडळींसाठी थोडं थांबतो, कारण सगळं याच्यावर आहे. पिस्टन दोनदा वर येतो. एकदा पेट्रोलची हवा दाबायला, एकदा जळालेला धूर बाहेर ढकलायला. पुढच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. ठिणगी पाहिजे ती दाबतानाच. डिस्ट्रिब्युटर चुकीच्या वेळी बसवला तर इंजिन थुंकेल, चालणार नाही. ओळखायची रीत साधी: एक नंबरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा धरायचा, इंजिन हळू फिरवायचं. हवा अंगठ्याला ढकलते ती खरी वेळ.

मी अंगठा धरला. भानुभाऊने हँडल फिरवलं. मला काही कळलं नाही.

"आली का हवा?"

"समजत नाहीये. अंगठा बधिर झालाय."

त्याने स्वतःचा लावून बघितला. त्याचीही तीच गत. स्टीलला हात लावून लावून आमची बोटं लाकूड झाली होती. मागून साहेबांचा आवाज आला, "कितना टाइम?" मी परत अंगठा धरला. आतून रमेशचं खोकणं ऐकू येत होतं.

भानुभाऊने वरच्या खिशातून पुडी काढली. अंगारा तळहातावर ओतला, थोडा स्वतःच्या कपाळाला लावला, थोडा मला न विचारता माझ्या. उरलेला बॉनेटवर. मग कागदाचा बोळा करून प्लगच्या भोकात दाबला.

"आता तू बग. मी फिरवतो. हवा आली तर उडंल."

हे मला सुचायला पाहिजे होतं. सुचलं नाही, त्याला सुचलं. भात सडायच्या जुन्या मशीनवर त्याचा बाप असंच करायचा, असं नंतर म्हणाला.

त्याने हँडल हळू ओढलं. एक फेरा, काही नाही. पुढच्या फेऱ्यात कागद फट् करून उडाला आणि बर्फात पडला.

"उडाला!"

"थांब. आता केसभर. अजून. बस."

पुलीची खूण काट्यावर आली. रोटर एक नंबरच्या वायरकडे बघेल असा मी डिस्ट्रिब्युटर आत सोडला. तळाच्या गियरचे दाते तिरपे असतात, आत जाताना रोटर थोडा वळतो, म्हणून एक दाता मागे धरून. पहिल्यांदा पुढे गेला. काढला, परत सोडला, बसला. मग पॉइंटला छोटा बल्ब जोडला, स्विच चालू केला आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवला. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. पेटला. नट आवळला, प्लग लावला, कॅप बसवली.

बॅटरीत दम नव्हता. हँडलच मारायचं होतं.

"अंगठा बाहेर ठेव, भाऊ. उलटा फटका बसला तर मोडेल."

"मला शिकवतो व्हय रं? लेका, तू शाळंत व्हतास तवा मी ट्रॅक्टर मारत व्हतो."

तरी अंगठा बाहेर ठेवला. पहिल्या झटक्याला राणीने एकच खोकला दिला. दुसऱ्याला उठली. आवाज असा स्वच्छ, की साहेब पहिल्यांदा हसलेले मी तेव्हा बघितले. रमेशला मागे झोपवलं, नर्सिंग असिस्टंट शेजारी. भानुभाऊने गाडी गियरमध्ये टाकताना मला म्हटलं, "पुडीचा कागद उचलून ठेव. दुसरा न्हाई माज्याकडं."

दुपारी रेडिओ आला. "मरीज पहुँच गया. ऑक्सिजन पर है. ओव्हर."

नंतर साहेब भानुभाऊशी बोलले. मी शेजारी होतो.

"गवारे, मौसम खराब है. आज नीचे रुको. ओव्हर."

"साहब, ऊपर गाडी नहीं है. किसी और की तबीयत बिगड गई तो? ओव्हर."

"रास्ता कैसा है? ओव्हर."

"अभी साफ है. निकलता हूँ. नर्सिंगवाला मरीज के पास रहेगा. ओव्हर."

साहेबांनी एकदा बाहेरचं आभाळ बघितलं. मग म्हणाले, "सँभल के. आउट."

चौकीच्या अलीकडच्या वळणावर त्याच्या गाडीवर वरून बर्फ घसरलं. शोधायला निघालेल्यांत मी होतो. तो आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला. त्याबद्दल एवढंच लिहितो. त्या शोधात माझ्या डाव्या पायाची दोन बोटं गेली, पुढे मी मेडिकलवर, म्हणजे अनफिट ठरून, घरी आलो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. भानुभाऊचा देह गावी आला तेव्हा फाट्यापासून घरापर्यंत फ्लेक्स लागले होते. त्याच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे. भाषणं झाली, फाट्याला नाव द्यायची घोषणा झाली. नंतर त्याचे वडील आणि मी त्या नावाच्या पाटीसाठी अर्ज घेऊन गेलो तर तेच लोक म्हणाले, "त्याला शहीद धरता येत नाही हो. गोळी लागलेली नाही. वाहन अपघात आहे." तिथले एक साहेब तर म्हणाले, ड्रायव्हरच होता ना? हो, ड्रायव्हरच होता! गाडी वर पाहिजे म्हणून निघालेला ड्रायव्हर. तुमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला फाट्यावर जागा मिळते, त्याच्या नावाच्या पाटीला मिळत नाही. याला काय म्हणायचं ते मी इथे लिहिलं तर संपादक कापतील.

मी आता चिखलीत एका वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्या उभ्या करतो. गेल्या आठवड्यात सांगवीच्या एका गृहस्थांची गाडी आली, राणीच्याच पिढीतली. त्यांनी डिस्ट्रिब्युटर काढून ठेवला होता आणि गाडी गियरमध्ये ढकलली होती. खुणा गेलेल्या. मला हसू आलं.

तेव्हा भानुभाऊचे वडील, तात्या, वर्कशॉपमध्ये होते. रविवारच्या ग्रामसभेत वाटायची, पाटीच्या मागणीची पत्रकं न्यायला आले होते. मी एक पत्रक घेतलं, भानुभाऊचं नाव असलेला भाग जपून बाजूला फाडला आणि कोऱ्या तुकड्याचा बोळा केला. माझा अंगठा आता बधिर नसतो. तरी मी कागदच लावतो.

"तात्या, हँडल जरा फिरवता का? हळू."

तात्यांनी फिरवलं. कागद उडून त्यांच्या पायापाशी पडला.

"आसंच केलं व्हतं व्हय त्यानं?"

"असंच. तुमच्याकडं बघून शिकला होता."

तात्यांनी वाकून तो बोळा उचलला, उलगडला, सरळ केला आणि खिशात ठेवला. मग विचारलं, "त्ये पोरगं बरं हाय का? राजस्थानचं?"

"बरं आहे. मुलगी झालीय त्याला."

"मंग झालं," तात्या म्हणाले. पण मला ते पुरत नाही. तात्यांना पुरलं म्हणून गावाने सुटू नये.

टायमिंग लावलं, प्लग बसवला. सुरू करायला तात्यांनीच हँडल धरलं. मी म्हणायच्या आत त्यांनी अंगठा बाहेर काढला होता.

पाटीवर जास्त काही नको. आम्ही मागतोय ते एवढंच:

लान्स नायक भानुदास गवारे, ड्रायव्हर. पेशंट खाली पोचवला. गाडी घेऊन वर निघाला होता.