झाकणाच्या आतली खूण

अर्धा जवळा निवडून झाला होता, अर्धा सुपात होता. तेवढ्यात ओट्यावर ऑगस्टीनने कुणाच्या तरी रेडिओचं मागचं झाकण काढलं आणि आतून झुरळांची पलटण निघाली. दोन थेट माझ्या सुपात. सगळा जवळा फेकून द्यावा लागला.

"दिवसभर गाणी ऐकून माजलीयत, वहिनी," ऑगस्टीन म्हणाला. मला हसू आलं नाही.

ऑगस्टीन माझा धाकटा दीर. लग्न केलं नाही. चौदा वर्षं फोर्टात एका दुकानाच्या काचेमागे बसून घड्याळं दुरुस्त केली. मालक वारला, दुकान बंद झालं, तेव्हा एकोणसाठ साली अंधेरीच्या आमच्या गावात, आमच्याच ओट्यावर टेबल टाकलं. रेडिओ, इस्त्र्या नंतर हाताखाली आल्या. आज पंधरा वर्षं माझ्या घराला पेट्रोलचा वास आहे. घड्याळाचे भाग तो माझ्या कपबशीतल्या बशीत पेट्रोल ओतून धुतो. वेगळी बशी दिली, तरी हात माझ्याच बशीकडे जातो.

पण खरी किळस लोकांची येते. रविवारी मिस्साला कडक इस्त्रीचे सदरे, अंगाला सेंट, आणि मनगटावरच्या घड्याळाच्या कडेला वर्षानुवर्षांचा हिरवा मळ. तो काडीने कोरून काढायचा ऑगस्टीनने. एका रेडिओत उंदरीण व्याली होती, प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं कुरतडून तिने गादी केली होती. घरवाल्यांना पत्ता नाही. वर विचारतात, "आवाज का येत नाही?" ऑगस्टीन कुणाला काही बोलत नाही. "आतलं आत राहू दे," म्हणतो. हेच त्याला भोवलं.

घड्याळ उघडलं की कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली बारीक खूण कोरतो, तारीख घालतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढचा कारागीर झाकण उघडतो आणि त्याला कळतं, आधी कोण हात घालून गेलं.

गेल्या शनिवारी हर्बर्ट आला. चर्चच्या कमिटीवर असतो, पहिल्या बाकावर बसतो. त्याच्या वडलांचं परदेशी घड्याळ ऑगस्टीनने महिन्यापूर्वी साफ करून दिलं होतं. हर्बर्ट ते शहरातल्या मोठ्या दुकानात विकायला घेऊन गेला. तिथे सांगितलं, बाहेरचं खोकं अस्सल आहे, आतलं मशीन भलतंच, हलकं.

हर्बर्ट रस्त्यातूनच ओरडत आला, "ए ऑगी! बापाच्या घड्याळातलं मशीन काढून कुठे विकलंस रे?"

पाच-सात माणसं जमलीच. शेजारची सेराफिना दुरुस्तीला दिलेलं गजराचं घड्याळ टेबलावरून उचलून पदराखाली घेऊन उभी. म्हणाली, "माझं अजून उघडलं नाहीस ना?" दहा वर्षं ही बाई ह्याच्याकडून फुकटात किल्ल्या बसवून घेते.

ऑगस्टीनने हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाला, "हर्बर्ट, आत ये. एकटा ये."

दोघं माझ्या स्वयंपाकघरात आले. मी चुलीशीच होते. ऑगस्टीनने घड्याळ उघडून झाकण उलटं केलं, भिंग त्याच्या हातात दिलं. "वाच."

आत ऑगस्टीनची महिन्यापूर्वीची खूण होती. तिच्या खाली दुसऱ्या कुणाची जुनी: 'मशीन बदललं', मार्च १९५८. हर्बर्टचे वडील साठ साली गेले. शेवटच्या दिवसापर्यंत घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. त्यांच्या दारूची कथा गावात कोणाला ठाऊक नाही?

"मला तेव्हाच दिसलं होतं," ऑगस्टीन म्हणाला. "तुला काय सांगू? तुझ्या बापानेच मशीन विकलं म्हणून? तू ते घड्याळ हातात घेऊन त्याचा मुका घेत होतास."

हर्बर्ट बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग झाकण दाबून बसवलं, घड्याळ खिशात घातलं. मला वाटलं, आता बाहेर जाऊन चार शब्दांत चूक मान्य करील. तो बाहेर गेला, सदरा सारखा केला आणि म्हणाला, "जाऊ द्या. लेंटचे, उपासाचे दिवस आहेत. मी त्याला माफ केलं."

माफ केलं!

मी उलथनं घेऊनच दाराशी धावले. ऑगस्टीन आडवा आला. "नाही, वहिनी. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही."

"आणि तू? तू जिवंत आहेस ना रे?"

बाहेर सेराफिना म्हणत होती, "किती मोठं मन बघा हर्बर्टचं!" मोरीत जाऊन मी दोनदा चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी मिस्सात फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. हर्बर्टने मागे वळून माझ्याकडे बघत हात जोडले. माझे हात वर आले नाहीत. कन्फेशनला हे सांगावं लागेल. सांगेन. पण पश्चात्ताप झाला असं खोटं सांगणार नाही.

बुधवारपर्यंत सात घड्याळं आणि दोन रेडिओ लोक परत घेऊन गेले. कोणी म्हणालं, पाहुण्यांना हवंय. कोणी म्हणालं, आता चालतंय वाटतं. बंद घड्याळ टेबलावर पडून आपोआप चालू होतं हे मला ठाऊक नव्हतं. आज टेबलावर एक चिमटा आणि माझी बशी, बाकी काही नाही. ऑगस्टीनने कुणालाही काही सांगितलं नाही, मलाही शपथ घातली. आमचे हे म्हणतात, होईल हळूहळू सगळं पूर्ववत. मला नाही वाटत. चोरी केली असती तर लोक विसरले असते. माफी मिळाली, ती कोण विसरेल?

संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर ऑगस्टीनने हत्यारं पिशवीत भरली. ओट्यावर कोणी येत नाही, तर आता दारोदार जायचं म्हणतो, जिथे हर्बर्टला कोणी ओळखत नाही तिथे. उद्या सकाळी तो मार्वेला जाऊन होडीने खाडीपलीकडे मनोरीला उतरणार आहे, तिथल्या माझ्या ल्युसीमावशीचा बंद पडलेला रेडिओ बघायला.