शंभर मीटर आणि काकूंचा ओटा

वायर ओढणाऱ्या माणसाकडे वायरीपेक्षा किस्सेच जास्त साठतात. वायर निदान बंडलात गुंडाळून ठेवता येते. आमचं दुकान अकोल्यात, जठारपेठेत. कॅमेरे बसवणं आणि नेटची लाइन टाकून देणं हा धंदा. दुकानात मी, सलीमभाई, आणि काउंटरवर माझी बायको विमल. ती जाऊन दोन वर्षं झाली. हे किस्से ती होती तेव्हाचे.

*

नेटची वायर शंभर मीटरपर्यंतच भरवशाची. पुढे सिग्नल मलूल होतो. अमरावतीला राजापेठेत एका क्लासच्या सरांना हे पटेना. सर फिजिक्सचे.

"करंटला शंभर मीटर काय नि दीडशे काय?"

सलीमभाई म्हणाले, "सर, तुमचा आवाज शेवटच्या बाकावर जाते ना? मंग तिथला पोट्टा कावून नापास होते?"

सरांनी मध्ये सिग्नलला पुन्हा जोर देणारा स्विच बसवू दिला.

*

पुढे विमलचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती घरी पडून राहिली. जिची पंधरा वर्षं काउंटरवर बोलण्यात गेली, ती बाई भिंतीशी किती बोलणार? "मले दुकान दिसलं पाहिजे," म्हणाली. दुकानातल्या कॅमेऱ्यातून मोबाइलवर दाखवलं, तर गिऱ्हाईक बोटाएवढं. तिला टीव्हीवर हवं होतं.

घर मागच्या गल्लीत. सलीमभाईंनी पावलांनी मोजलं, नव्वद मीटर. वायर लागली एकशे तीस.

"भाऊ, मी रस्त्यानं गेलो. वायर गच्च्या चढत गेली."

*

म्हणजे इथेही मध्ये स्विच आला. स्विच म्हणजे वहीएवढी डबी, पण तिला वीज लागते. मध्यावर घर होतं शेजारच्या काकूंचं. मुलगा पुण्यात, काकू एकट्या. डबी त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्याजवळ लावली.

"लाइट किती खाते हे?"

"झिरोच्या बल्बाएवढी, काकू."

काकू तिचा लुकलुकणारा हिरवा दिवा बघत राहिल्या. "राहू दे मंग. घरात कोणी तरी जागं दिसन."

*

पहिल्याच दिवशी विमलचा फोन आला. "दारातल्या भाऊले खुर्ची द्या. अन् सलीमभाईले म्हणा, सुपारी खिशात ठेवा. मले इथून दिसते."

सलीमभाईंनी पुडी खिशात टाकली. "भाऊ, कॅमेरा आपण चोरासाठी लावतो ना?"

*

नंतर एक खोड सुरू झाली. रोज चारच्या सुमारास विमलचा टीव्ही काळा व्हायचा. ती लगेच काकूंना फोन लावायची.

"काकू, प्लग काढला काय?"

"काढला वं. मिक्सर लावाचा होता, चटणी वाटाची होती."

चटणीवरून गोष्ट कुठल्या कुठे जायची. टीव्ही पाच मिनिटांत परत यायचा, फोन अर्ध्या तासानं खाली ठेवला जायचा.

मला वाईट वाटलं. आपल्या डबीपायी म्हाताऱ्या बाईचा मिक्सर अडतो. एक दिवस एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन गेलो. ओट्याशेजारी पाहिलं, तर भिंतीवरच्या बोर्डात दोन सॉकेट रिकामे. मिक्सर कपाटावर, कापडात बांधलेला. कापडावर धूळ.

"काकू, हा बोर्ड..."

"ठेव तिथं."

चार वाजले होते. काकूंनी डबीचा प्लग काढला, पदराला हात पुसले आणि मोबाइल समोर ठेवून स्टुलावर बसल्या.

"काकू, अहो..."

"थांब जरा."

फोन वाजला. त्यांनी तीन रिंगा जाऊ दिल्या.

"काय वं विमल, आता काय झालं?"