मधल्या गोलातलं नाव

माइंड मॅप मी खामगावच्या एका प्रशिक्षणात शिकले. मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि आम्हा शिक्षकांना दरवर्षी काही ना काही नवं शिकवतात. नव्याचे नऊ दिवस संपले की ते कपाटात जातं. हे मात्र माझ्याकडे टिकलं. कागदाच्या मधोमध गोल काढायचा, त्यात मुख्य गोष्ट लिहायची, तिच्यातून रंगीत फांद्या काढायच्या, फांदीवर एकच शब्द आणि जमलं तर चित्र. शिकवणारे सर म्हणाले होते, मधला गोल चुकला की सगळा नकाशा चुकतो. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

माझ्या वर्गाच्या भिंती या तक्त्यांनी भरून गेल्या. 'पाणी', 'आपलं गाव', 'कापूस'. कापसाच्या तक्त्यात एका पोरीनं एका फांदीवर 'आईची बोटं' असं लिहिलं होतं. तपासणीला आलेले साहेब त्याचा फोटो काढून घेऊन गेले. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू.

वडील गेले तशी आई माझ्याकडे मोताळ्याला राहायला आली. जन्मभर वांगी, मेथी, शेपू पिकवून आठवडी बाजारात विकलेली बाई. कुठल्या घरी काटेरी वांगं लागतं, कोणाची सून बाळंतीण आहे म्हणून शेपू न्यायला कोण येईल, सगळं तिच्या डोक्यात असायचं. ती आधी डब्यांची झाकणं विसरायला लागली, मग वार, मग माणसं. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकावं म्हणून रोज बोलत राहा. मी त्यातलं दुसरं तेवढं ऐकलं.

आम्ही दोघी बहिणी, मी थोरली. आई मला नावानं कधी हाक मारायची नाही, 'मोठे' म्हणायची. 'मोठे, इकडं ये वं.' एके सकाळी चहाचा कप हातात धरून तिनं मला विचारलं, "तुमी कुठल्या बाई?" त्या दिवसापासून मला एवढंच हवं होतं, तिनं एकदा मला 'मोठे' म्हणावं. बाकी सगळं विसरली तरी चालेल, असं मी देवाशी बोलूनही टाकलं होतं. देवानं त्या बोलण्यातलं अर्धंच मनावर घेतलं.

मास्तरणीला दुसरं काय सुचणार? मी मोठा पांढरा कार्डशीट आणला. मधोमध सूर्यासारखा गोल काढून त्यात आईचं नाव लिहिलं, आधार कार्डावर आहे तसं, लाल शाईत, ठळक. एक फांदी वडिलांची, तिच्यावर त्यांचा टोपीतला फोटो. एक मळ्याची, तिच्यावर वांगं. एक बाजाराची. आणि सगळ्यात जाड निळी फांदी माझी, तिच्यावर माझा फोटो आणि खाली 'मोठी'. धाकटीची फांदी मी जरा बारीक काढली, तेही सांगून टाकते. तक्ता आईच्या खाटेसमोर भिंतीवर लावला.

आई चौथी शिकलेली. अक्षर अक्षर लावून वाचायची. रोज शाळेत जाण्याआधी चहा झाला की आमचा तास. मी पट्टी ठेवायची, ती वाचायची. पहिले काही दिवस ती पोपटासारखं म्हणत गेली आणि मी शेजारणीला हौसेनं सांगत सुटले, फरक पडतोय म्हणून. फरक काही पडत नव्हता. फोटोवर पट्टी ठेवली की ती 'मोठी' वाचायची. त्याच फोटोतली बाई शेजारी बसली आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

एक दिवस मी पट्टी मधल्या गोलावर ठेवली. तिनं नाव वाचलं.

"हे बाई कुठची?" तिनं विचारलं.

"माय, हे तूच हायेस ना."

"मी काऊन राहीन? मी नाई."

"तूच हायेस. पाह्य नीट."

"मी नाई म्हन्लं ना!"

माझा आवाज चढला. वर्गात चढतो तसा. मी तिचा हात धरून बोट त्या नावावर दाबलं आणि म्हणाले, "म्हण, हे मी हाये. म्हण!" तिनं म्हटलं. मग दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी धरून रडायला लागली. "मास्तरीनबाई, मले घरी जाऊ द्या." मी पट्टी टेबलावर टाकली आणि शाळेत निघून गेले. दिवसभर 'परिसर अभ्यास' शिकवला. मला माझी लाज वाटली, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी हातात घेतलीच.

मामा आले ते त्याच आठवड्यात. आईचे थोरले भाऊ, जानेफळचे. गुडघे गेलेले, तरी दोन एसट्या बदलून आले. चप्पल काढता काढता दारातूनच त्यांनी आईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली.

"ओ, दादा!" म्हणत आई खाटेवरून उठली. कोणी हात न देता उठली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. लग्नात वडिलांनी परातीतल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. ती हसत सांगायची, "नाव लिवलेले तांदूय कोनं खाल्ले, मले नाई माहीत." त्या नव्या नावानं तिला पुढं हाक मारली कोणी? वडील 'अवं' म्हणायचे, आम्ही 'माय', दीर 'वहिनी', बाजारात 'वांगेवाली'. ते नाव राहिलं रेशन कार्डावर, मतदार यादीत, आणि आता माझ्या तक्त्याच्या मधोमध. तिचं माहेरचं नाव मी लहानपणी मामांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. विसरले होते मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रविवारी मी नवा कार्डशीट घेऊन तिच्या खाटेवरच बसले. मामा परत गेले होते. मधोमध गोल काढला आणि त्यात तिचं माहेरचं नाव लिहिलं. आईनं मान पुढं करून वाचलं. पुन्हा वाचलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "हे मी हाये."

मला इतका आनंद झाला की हातातला पेन खाली पडला. वाटलं, मधला गोल सापडला, आता एकेक फांदी काढत काढत माझ्यापर्यंत पोचू.

आणि ती सांगायला लागली. मला विचारावं लागलंच नाही. विहीर लिही, तिच्यात कासव होतं. दादा लिही. एका शिंगाची बकरी. शेजारची मैत्रीण, बोरं चोरायची आणि नाव हिचं सांगायची. चौथीचे गुरुजी, छडी मारून मग चिंच देणारे. पांढरी माती, माय, मायच्या हातचं जातं. मी रंग बदलत लिहीत होते. इतका भरगच्च तक्ता माझ्या वर्गात कधी झाला नाही. ती हसत होती, आणि मी तिला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं, कारण तेव्हा मी नव्हतेच.

उजव्या कोपऱ्यात थोडी जागा उरली. मी निळा पेन घेतला, गोलापासून एक जाड फांदी काढली आणि विचारलं, "इथं तुहं लगन लिवू?"

ती लाजली. "अजून कुठं! दादा पाहून राह्यला."

"आन् तुही पोरगी? मोठी?"

तिनं माझ्याकडं दयेनं पाहिलं, खुळ्या माणसाकडं पाहावं तसं. "लगनाच्या आंधी पोरगी कुठून येईन बाई?"

बरोबर होतं तिचं. स्केचपेनाची रेघ खोडता येत नाही, म्हणून ती फांदी तशीच रिकामी राहिली. माझे डोळे भरून आले. आईला ते दिसलं असावं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तुमाले माय हाये काय?" तिनं विचारलं.

"हाव."

"मंग जा घरी. कवाची वाट पाहून राह्यली असन."

मी एकेक करून पेनांची टोपणं लावली. 'येते हं' म्हणाले, आणि तिच्या दुपारच्या भाकरीचं पीठ मळायला आत गेले.