डेअरीच्या स्क्रीनवरचे आप्पा

त्या फोटोची मला अजून शिसारी येते. पांढरा कुर्ता, गॉगल, गळ्यात दोराएवढी सोन्याची चेन, हात जोडलेले, आणि हसू असं की तालुक्यातल्या म्हशी जणू यांच्याच कृपेनं दूध देतात.

शिरूर तालुक्यातल्या एका डेअरीला मी प्रोग्राम लिहून दिला होता. मी दौंडचा, मोटारसायकलवर जाऊन-येऊन काम करायचो. सकाळी शेतकरी कॅन घेऊन रांग लावायचे, मशीन दूध तपासायचं, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर फॅटचा आकडा उमटायचा. दुधात पाणी निघालं तर खाली लाल अक्षरांत ‘पाणी आढळले’. मागं साधा राखाडी रंग. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग चेअरमनचा वाढदिवस आला. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. फाट्यापासून डेअरीपर्यंत फ्लेक्स लागले, तरी भागेना. सेक्रेटरीचा फोन आला, “साहेब, आकड्याच्या मागं आप्पांचा फोटो टाका. वाढदिवसाला त्यांच्याच हस्ते चालू करू.” सरळ नाही म्हणायचं सोडून मी म्हणालो, “टाकतो की!”

स्क्रीनवरच्या खिडकीचं, म्हणजे प्रोग्रामच्या विंडोचं, काम रांगोळीसारखं असतं. आजची काढायची तर कालची आधी पुसावी लागते. ते पुसायचं काम विंडोज आपणहून करतं, मागचा रंग मारतं, मग वर अक्षरं येतात. आता मधे फोटो घुसला. प्रत्येक कॅनला आधी राखाडी रंग, मग फोटो, मग आकडे, आणि आप्पांचं थोबाड लागलं लुकलुकायला. आदल्या दिवशी ट्रायल बघून सेक्रेटरीला घाम फुटला. “आवं, हे इझायला आलेल्या दिव्यागत दिसतंय! वाढदिवसाला आसलं?”

मी वैतागलो आणि हलकटपणा केला. विंडोज पुसायला आलं की ‘पुसून झालंय’ असं खोटंच उत्तर द्यायचं. फोटो सुरुवातीला एकदाच रंगवायचा, आकड्यांपुरती पांढरी चौकट दर वेळी नवी काढायची. आप्पा एकदम स्थिर झाले. चौकटीखालची लाल ओळ आता कुणीच पुसणार नव्हतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

वाढदिवसाला नारळ फुटला, टाळ्या झाल्या. पहिला कॅन आप्पांच्या मेहुण्याचा. लाल अक्षरं आली, आणि ती खरीच होती. ऑपरेटर हसला, “पाव्हणं हायेत, जाऊ द्या.” दूध टाकीत गेलं. दुसरे होते एक म्हातारे शेतकरी, त्यांना गाव मामा म्हणायचं. एकच म्हैस, पण त्यांच्या दुधाला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. फॅटचा आकडा बदलला. लाल ओळ जागची हलली नाही.

“मामा, तुम्ही पन?” ऑपरेटर ओरडला. सगळी रांग स्क्रीनकडं बघायला लागली. “न्हाई ओ, आईच्यान न्हाई,” मामा म्हणत होते. आप्पांना भाषणात सांगायला शिस्तीचं उदाहरण हवंच होतं. त्यांनी मान हलवली, आणि मामांचा कॅन गटारात रिकामा झाला.

मला त्याच क्षणी कळलं होतं. तोंड उघडायला किती वेळ लागतो हो? पण समोर पाहुणे, हार, पेढे, आणि काम माझं. मी पुढं झालो, म्हणालो, “जरा हँग होतंय, परत चालू करतो.” परत चालू केल्यावर खिडकी स्वच्छ झाली. तिसरा कॅन पास झाला. मी पेढा खाल्ला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. घरी जाऊन चूक दुरुस्त केली, दोन ओळींचं काम होतं.

दोनेक महिन्यांनी मामा दौंड स्टेशनवर भेटले. मी पुण्याच्या डेमू गाडीची वाट बघत होतो, त्यांनीच हाक मारली. “साहेब, एक इचारू का? तवा माझ्या दुधात पानी निघालं, ते मी घातलं नव्हतं. धार काढून मी रानात गेल्तो, कॅन घरात मालकिनीपाशी हुता. लेक बाळंतपनाला आल्ती. तिच्यासाठी तांब्याभर काढून हिनं पान्यानं भर केली. चाळीस वर्सं झाली लग्नाला, पन तवापासनं मी हिच्याशी बोलत न्हाई. बराबर हाय न्हवं?”

मग मात्र मी सगळं सांगितलं. फोटो, न पुसलेली ओळ, माझी मुकी जीभ, सगळं. हात जोडून माफी मागितली.

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “लई भलं मानूस हाय तुम्ही. म्हातारीसाठी सवताच्या अंगावर घेताय.”

“अहो मामा, खरंच सांगतोय! चला, आत्ता घरी येतो आणि त्यांच्यासमोर सांगतो.”

“कशाला?” मामा म्हणाले. “तिनं कवाच कबूल केलंय. ‘घातलं मीच, पन आता तरी बोला’ म्हनली.”