एका वेळी एकच वेबसाइट

आमच्या वाचनालयात धूळ पुस्तकांवर बसते आणि किस्से माझ्यावर. मी इथली ग्रंथपाल, दोन्ही झटकत असते. पण सरकारी योजनेतून चार कॉम्प्युटर आले, 'सर्वांसाठी मोफत इंटरनेट' असा बोर्ड लागला आणि तेव्हापासून किस्से काही आवरत नाहीत.

*

कॉम्प्युटर आल्याबरोबर आमचे अध्यक्ष अण्णा यांनी मीटिंग घेऊन धोरण ठरवलं. त्यांचं आयुष्य पुस्तकं देण्याघेण्यात गेलेलं, त्यामुळे नियमही तेच. वाचकाला एका वेळी एकच वेबसाइट मिळणार. दुसरी हवी असेल तर पहिली काउंटरवर जमा करायची. जमा म्हणजे काय, तर उठून माझ्याकडे यायचं आणि "बघून झाली" म्हणून सांगायचं!

एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर जब्बारचाचा होटगी स्टेशनवरच्या रेल्वेगाड्यांची वेळ बघायला आले होते. नियम ऐकून त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, हमारे हात से वेबसाइट फट गई तो दंड कित्ता?"

मी हसू दाबलं. अण्णांनी मात्र मान डोलावली. "चांगला मुद्दा आहे. पुढच्या मीटिंगला घेऊ."

*

खंडेनवमीला अण्णांनी कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली. कीबोर्डवर हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. दसरा झाला आणि एक कीबोर्ड चालेना. उलटा करून आपटला तर तांदूळ सांडले.

अण्णा म्हणाले, "पूजेचे आहेत, केरात टाकू नका." कीबोर्डचं काय करायचं, ते नाही सांगितलं.

*

मंद्रूपची रेणुका रोज एसटीनं येते. सरकारी भरतीची तयारी करते. घरात मोबाइल एकच, तो भावाबरोबर ट्रकवर फिरतो. वयोमर्यादा यंदा संपते, म्हणजे ही तिची शेवटची परीक्षा.

गणिताचे व्हिडिओ बघायला तिनं हेडफोन मागितला. अण्णा म्हणाले, "वाचनालयात वाचायचं असतं, ऐकायचं नसतं."

मग बिचारी मुके व्हिडिओ बघत बसायची. मी एकदा विचारलं, काही कळतं का गं?

"सरांचा हात कळतोय की मॅडम. तोंडानं काय म्हंत्यात ते न्हाय कळत."

मला अण्णांचा त्या दिवशी मनापासून राग आला.

*

आणि मग तपासणी आली. वाचक इंटरनेटचा लाभ घेतात की नाही, हे बघायला साहेब येणार होते. अण्णांनी दारावर पाटी लावली, 'आज तपासणी. वाचकांनी येऊ नये.' चारही खुर्च्यांवर कमिटीचे मेंबर वाचक म्हणून बसले. एकाचा तर कॉम्प्युटरच बंद होता, पण तो माउस अगदी मन लावून हलवत होता.

नेमकी तेव्हाच रेणुका आली. परीक्षा दुसऱ्या दिवशी, आणि हॉल तिकीट त्याच सकाळी साइटवर आलेलं. मी अण्णांना म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, एक खुर्ची द्या.

अण्णा कुजबुजले, "आज खरे वाचक नकोत. गोंधळ होतो."

रेणुका समोरच्या नेट कॅफेत गेली.

साहेबांनी चहा घेतला, फोटो काढले आणि अहवाल अपलोड करायला बसले, तर नेटच नाही. तारा लोंबकळलेल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून अण्णांनी सकाळीच राउटर काढून कपाटात ठेवला होता, आणि किल्ली घरी! शेवटी अण्णा साहेबांना घेऊन समोरच्या कॅफेत निघाले. मीही फाइल घेऊन मागोमाग गेले.

कॅफेत एकच मशीन चालू होतं आणि रेणुकाचा नंबर आत्ता लागत होता. अण्णांनी तिला बाजूला करून साहेबांना खुर्ची दिली. साहेब एका बोटानं टाइप करत होते आणि मोठ्यानं वाचत होते, "इंटरनेट सुविधा... उत्तम. वाचक... समाधानी."

रेणुका खुर्चीमागून पुढं झाली.

"साहेब, समाधानी वाचक मीच हाय. जरा उटा की, उद्याचं हॉल तिकीट काढायचंय."