बबन-मधूची अंथरुणं

घरात गिनीपिग पाळले की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते गवताच्या काडीसारखे शर्टाला चिकटूनच येतात! चारचौघांत बसलो की कोणीतरी विचारतंच, "काय, काय म्हणतायत तुमची डुकरं?" झालं, माझी गाडी सुटलीच म्हणून समजा.

तर आमची लेक सई शिकायला पुण्याला गेली आणि जाताना बबन आणि मधू हे तिचे दोन गिनीपिग आमच्या नौपाड्यातल्या ब्लॉकमध्ये ठेवून गेली. त्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला मी वागळे इस्टेटमधल्या एका सुताराकडून लाकडाचा भुसा आणायचो. मी खूश, ते दोघे खूश. बायको मात्र शिंकून शिंकून बेजार! एकदा सलग चौदा शिंका दिल्यावर तिने नाक पुसत निकाल दिला.

"अहो, गणपतीपर्यंत माझ्या शिंका थांबल्या नाहीत, तर ही जोडी कल्याणला आमच्या शालूकडे!"

शालू म्हणजे माझी मेव्हणी. स्वभावाने सोनं. पण तिच्याकडे तीन मांजरं आहेत हो!

सईला काय तोंड दाखवणार? त्याच दिवशी ठरवलं, भुसा बंद. धुऊन धुऊन वापरता येईल असं कापड शोधायचं.

*

ठाणे ते डोंबिवलीतल्या गिनीपिगवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात डोंबिवलीच्या जोशीकाकू म्हणजे हायकोर्ट. आयुष्यभर शाळेत केमिस्ट्री शिकवलेली बाई. त्यांचा नियम एकच. "वरचं कापड पाणी खाली सोडणारं हवं आणि खालचं पिणारं. वर कोरडं राहिलं की जनावर खूश, नाकही खूश."

कापड निवडायला त्या मुद्दाम नौपाड्यात आल्या. दुकानदाराने हौसेने फ्लीसचे, म्हणजे त्या लोकरीसारख्या मऊ कापडाचे, पाच-सहा तागे उलगडले. काकूंनी पर्समधून पाण्याची बाटली आणि चमचा काढला, आणि एकेका कापडावर चमचाभर पाणी टाकून घड्याळ बघत बसल्या!

"काकू, रंग नाय जाणार, गॅरंटी!" दुकानदार कळवळला.

"रंग जाऊ दे हो. मला शू खाली उतरते का ते बघायचंय."

"कोणाची?"

"डुकराची."

शेजारी साडी बघणाऱ्या बाई पदर हातातच धरून वळल्या. दुकानदार बिचारा धंदेवाईक माणूस, त्याने स्वतःला सावरलं.

"केवढं आहे डुक्कर?"

"पाऊण किलो."

तो पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, तुम्हाला कोणीतरी उंदीर विकलाय."

*

काकूंचे प्रयोग काही संपेनात. इकडे गणपती जवळ आले. तेव्हा ग्रुपमधला आमचा पाटील मदतीला धावला. डोंबिवलीजवळच्या गावातला आगरी माणूस, दिलदार. म्हणाला, "दादूस, कापडाचं टेन्शन कशाला? आमची आये गोधडी शिवून देईल ना!"

आयेने आपल्या जुन्या लुगड्यांची काय सुंदर गोधडी शिवली! शिवून झाल्यावर तिला कळलं कोणासाठी ते.

"आमचे लग्नान पावन्यांना नव्हती अशी गोधडी, न् ही उंदरांना?"

पण दिली हो माउलीने. इथे आमचे दोघे त्या गोधडीवर मनसोक्त मुतले आणि जाऊन कोपऱ्यात बसले. सुती कापड ते, सगळं पिऊन वर ओलंच्या ओलं! धुतली, तर चार दिवस वाळेना. मी पंखा लावला, इस्त्री फिरवली, शेवटी बायकोचा हेअर ड्रायर घेऊन बसलो. तेवढ्यात आयेचा फोन.

"झोपतान का र पोरं?"

"घोरतात, आये!"

खोटं बोललो, पण काय करणार! ती गोधडी आता माझ्या अंथरुणावर आहे. मला चांगली झोप लागते.

*

शेवटी काकूंचा निकाल लागला. वर मरून फ्लीस, आत जुन्या टॉवेलचे दोन थर, कडेने पिवळी पायपिंग. अशी चार चौकोनी अंथरुणं त्यांनी स्वतः शिवून दिली. शिंका चौदावरून चारवर आल्या! मी हवेत.

आठवड्याभरात वॉशिंग मशीन बंद पडलं. मेकॅनिकने फिल्टर उघडला आणि मूठभर गवत बाहेर काढलं.

"काका, घरात म्हैस आहे काय?"

"नाही हो."

"मग गाय?"

"गिनीपिग आहेत, दोन."

त्याने घरभर नजर फिरवली. "मग बांधता कुठे त्यांना?"

तेव्हापासून मी अंथरुणं आधी बाल्कनीत झटकून घ्यायला लागलो. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकांनी कप हातात धरून वर बघितलं. "अहो, गवती चहा घालायचा तर विचारून घालत जा की!"

*

गणपतीचा दिवस उजाडला. आठ दिवसांत एकही शिंक नाही. पण बायको कबूल करेल तर शपथ! "पूजा होऊ दे, मग सांगते," एवढंच. शालू सकाळीच कल्याणहून आली, झाकणाची मोठी टोपली घेऊन. ती टोपली दारात बघून मी आधी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

नेहमीच्या गुरुजींना वेळ नव्हता, म्हणून त्यांनी एक नवीन गुरुजी पाठवले. हे तासभर आधीच हजर! बायकोचे हात मोदकांच्या उकडीत. आतून ओरडली, "अहो, त्यांना बसायला आसन द्या! धुतलेल्या कपड्यांत आहे बघा, मरून!"

मी मरून दिलं.

बायको नैवेद्य घेऊन बाहेर आली आणि तिथेच थबकली. गुरुजींच्या मांडीखालून पिवळी पायपिंग डोकावत होती! तिने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पण प्राणप्रतिष्ठा चाललेली, बोलणार कशी? शालूने तोंडात पदर कोंबला. आतल्या खोलीत बबन-मधू दूर्वांच्या वासाने शिट्ट्या मारत सुटलेले.

आरती झाली. गुरुजी उठले आणि खाली बघत म्हणाले, "वहिनी, सकाळपासून हे चौथं घर. गुडघे बोलायला लागलेत. पण काय मऊ आसन आहे हो! कोणाचं हे?"

मी डोळे मिटून घेतले.

"आमच्या बबन-मधूचं आहे," बायको म्हणाली.

"अरे वा! केवढे आहेत?"

"दीड वर्षाचे. दोघंही."

"जुळे! उत्तम, उत्तम! आठवं लागलं की मुंजीला मलाच बोलवा हं."

बायकोने शालूची टोपली ओढली, तिच्यात मोजून एकवीस मोदक भरले आणि झाकण लावून तिच्या हातात दिली. मग पदराला हात पुसले, मोबाईल घेतला आणि गुरुजींना नंबर विचारला.

मी तिच्या खांद्यावरून डोकावलो. नंबर सेव्ह झाला होता, "गुरुजी, बबन-मधू मुंज" या नावाने!