झोपेच्या कॅप्सूल बंद झाल्या तेव्हा

ऐंशीच्या दशकात मी नाशिक रोडला, स्टेशनजवळच्या एका औषधाच्या दुकानात नोकरी करत होते. ही नोकरी मी शोधली नव्हती. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, तेच एका रविवारी आमच्या कॉलनीत घर विचारत आले. पुढे केलेल्या खुर्चीत न टेकता उभ्यानेच त्यांनी वडिलांना विचारलं, "तुमच्या मुलीनं औषधांचा डिप्लोमा केलाय म्हणे. रजिस्ट्रेशन झालंय ना तिचं?"

झालं होतं. औरंगाबादला वसतिगृहात राहून मी डी. फार्म. केलं होतं. आमच्या गल्लीतल्या बौद्ध घरांमधून बाहेरगावी शिकायला गेलेली मी पहिलीच मुलगी. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते, आणि माझ्या नोंदणीचा कागद त्यांनी शेजारच्या चार घरांत नेऊन दाखवला होता.

शेठची अडचण वेगळीच होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं, हा कायदा तसा जुना. पण इतकी वर्षं तो कोणी फारसा मनावर घेतला नव्हता. शेठ स्वतःच औषधं देत आणि भिंतीवर मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्याचं सर्टिफिकेट टांगलेलं असे. आता मात्र सक्ती सुरू झाली होती. दुकान उघडं आहे तोवर फार्मासिस्ट हजर हवा, नाहीतर परवाना जाणार, असं सगळ्या दुकानदारांना बजावण्यात आलं होतं. मेहुण्याचं सर्टिफिकेट उतरलं आणि माझं चढलं.

वडिलांना अभिमान वाटला, आईला काळजी. माझं म्हणाल तर मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती. दुकानात गोळ्या शेठ द्यायचे, गिऱ्हाइकं शेठच्या ओळखीची, हिशेब शेठचा. नाव तेवढं माझं. समोरचा सायकलवाला एकदा हसत म्हणाला, "ताई, उद्या काही झालं तर पोलीस भिंतीवरचं नाव वाचून न्यायला येतील बरं का." तो गमतीत बोलला. मी त्या दिवशी जेवले नाही.

त्याच सुमारास झोपेच्या औषधांचा नवा नियम आला. काही जालीम गोळ्या आणि कॅप्सूल वेगळ्या यादीत टाकल्या गेल्या. त्या विकायच्या तर वेगळा परवाना, कुलपाचं कपाट आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानात जपून ठेवायची. औषध खात्याचे इन्स्पेक्टर स्वतः सांगायला आले. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी सगळे खण उघडून पाहिले आणि मग शेठकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "देवळ्याच्या एका दुकानाला परवाच टाळं लावून आलोय. तिथला फार्मासिस्टसुद्धा तुमच्यासारखाच नवा होता. त्याला वाटलं, मालक बघून घेतील."

ते गेल्यावर शेठ म्हणाले, "वेगळा परवाना नको अन् ती कटकट नको. आपण त्या कॅप्सूलच ठेवायच्या नाहीत." उरलेला माल त्यांनी एजन्सीला परत पाठवला. मला हायसं वाटलं.

ते काही फार टिकलं नाही.

शेठ दुपारी जेवायला घरी जात आणि जरा पडून परत येत. तेवढा वेळ दुकानात मी एकटी. ऊन पांढरंफटक, रस्ता रिकामा. अशाच एका दुपारी एक पन्नाशीचे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, केस नीट विंचरलेले. बऱ्याच वर्षांचं गिऱ्हाईक असल्यासारखे काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "नेहमीचं द्या."

"नेहमीचं म्हणजे काय, काका?"

त्यांनी कॅप्सूलचं नाव घेतलं. त्या आता आम्ही ठेवत नाही, आणि जिथे मिळतील तिथेही चिठ्ठी लागेल, असं मी सांगितलं. ते हसले. "शेठ देतात मला. त्यांना विचारा."

"शेठनाही आता देता येणार नाहीत."

हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे, मग भिंतीवरच्या माझ्या सर्टिफिकेटकडे पाहिलं. ते नाव त्यांनी ओठ हलवत वाचलं, हे मला स्पष्ट दिसलं. मग ते निघून गेले.

दुसऱ्या दुपारी ते पुन्हा आले. त्यानंतर ते यायचे थांबले, पण समोर उभे राहू लागले. सायकलच्या दुकानाच्या कडेला, बंद टपरीच्या सावलीत. शेठ गेले की यायचे, शेठ परतले की नाहीसे व्हायचे. मी मान खाली घालून कपाटं पुसायची, बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करायची. नजर वर केली की ते तिथेच. एकदा मला वाटलं, आज नाहीत. सुटकेचा श्वास घेऊन वळले तर ते काउंटरपाशी उभे होते.

"एखादं पाकीट दिलंत तर काय बिघडतं?" ते म्हणाले. आवाज अजून सभ्य होता, पण ओठाच्या वर घाम होता. "मी काय चोर आहे? सरकारी नोकर आहे मी. बारा वर्षं घेतोय त्या. मला काही झालं का?"

"काका, डॉक्टरांकडे जा. ते लिहून देतील."

त्यांनी काउंटरवरून हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. जोरात नाही. पण तो हात थरथरत होता, आणि त्या थरथरीनं माझा हात, बांगड्या, काउंटरची काच सगळंच बारीक वाजायला लागलं. मी ओरडलेसुद्धा नाही. ते स्वतःच दचकले, हात सोडला आणि तरातरा चालू लागले.

संध्याकाळी मी रोजचा रस्ता सोडून रेल्वेच्या पुलावरून घरी निघाले. गर्दी असेल, बरं पडेल, असा विचार. पुलाच्या मध्यावर मागे पाहिलं तर पांढरा शर्ट. तो त्यांचाच होता की दुसऱ्या कोणाचा, ते आजही सांगता येणार नाही. नाशिक रोडला संध्याकाळी पांढरे शर्ट घातलेले कितीतरी नोकरदार पुलावरून जातात. मी पळत सुटले. घरी आईनं विचारलं, "काय गं, धापा का टाकतेस?" मी म्हटलं, "गाडी आली होती, गर्दीतून निघाले." खरं सांगितलं असतं तर वडिलांनी नोकरी सोडायला लावली असती. ती भीती तर आणखीच मोठी होती.

शेठना मात्र सांगितलं. त्यांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "ते? ते प्रेसमध्ये आहेत, नोटांच्या. लय साधा माणूस." आणि आवाज खाली आणून, "हे बघा ताई, माझ्या घरी दोन-चार पाकिटं आहेत. परत पाठवताना मागे ठेवली होती, असू द्यावीत म्हणून. त्यातलं एक देऊन टाकतो. कागदात बांधून. तुमचं नाव कुठे येत नाही."

म्हणजे माल गेला असं समजून मी निर्धास्त होते तो सगळा वेळ पाकिटं शेठच्या कपाटात होती. मला देवळ्याचा तो न पाहिलेला फार्मासिस्ट आठवला.

"शेठ, तसं करणार असाल तर माझं सर्टिफिकेट उतरवून द्या."

मी हे बोलले याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. शेठ लाल झाले. पण सर्टिफिकेट उतरलं तर दुकान बंद, हे त्यांनाही कळत होतं. तो विषय तिथेच थांबला आणि आमच्यातलं बोलणंही.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला कॉलेजातला एक तास आठवला. आमच्या सरांनी फळ्यावर याच जातीच्या औषधांची नावं लिहून सांगितलं होतं, सवय झालेल्या माणसाची ही औषधं एकदम तोडायची नसतात. हळूहळू कमी करायची. एकदम तोडली तर हात कापतात, भास होतात, फिट येते, आणि त्या फिटमध्ये माणूस जाऊही शकतो. मी परीक्षेत हे उत्तर लिहिलं होतं. मनगटावरची ती थरथर मी गुंडगिरी समजले होते.

आता भीती दुसऱ्या बाजूनं आली. दिलं तर माझं नाव जाणार. नाही दिलं तर माणूस जाणार. आणि समोरच्या टपरीची सावली आता रिकामी होती. ते यायचे बंद झाले होते. आधी ते दिसले की जीव घाबरा व्हायचा. आता दिसेनात म्हणून व्हायचा.

मग एका सकाळी एक बाई दुकानात आल्या. नऊवारी, पायात स्लिपर, डोक्यावरचा पदर सारखा सावरत. शेठकडे न जाता थेट माझ्यासमोर येऊन त्या म्हणाल्या, "तूच का गं ती नवी पोरगी? आमचं मालक म्हणत्यात, तुझ्यामुळं गोळ्या बंद झाल्या." त्या चांदवडकडच्या, बोलणं तसंच. भांडायला आल्या असतील असं वाटून मी मागे सरकले. पण त्या रडायला लागल्या. "रातभर झोप नाय. भिंतीवर मुंग्या दिसत्यात म्हनं. राहिलेल्या गोळ्या पुरवून पुरवून खाल्ल्या, आता त्याबी संपल्या. काल मालक न्हाणीत पडलं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"नको म्हणत्यात. हापिसात कळंल. नोटांचं काम हाय, पोरी. नशा करतो म्हणून एकदा नाव पडलं की घरी बसवतील."

म्हणजे तेही घाबरलेलेच होते. शेठ इन्स्पेक्टरला, मी शेठना आणि इन्स्पेक्टरला आणि काकांना, काका कचेरीला, बाई सगळ्यांना.

मी शेठना म्हटलं, "मी यांच्यासोबत जाते. मी येईपर्यंत दुकान बंद ठेवा." शेठनी तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि शटर अर्धं ओढलं.

त्यांचं क्वार्टर जवळच होतं. आत शिरलो तेव्हा ते खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, बनियन घामानं चिकटलेलं. मला पाहून उठायला गेले. "आणल्या?" एवढंच म्हणाले. मग डोळे वर गेले, मान एका बाजूला ओढली गेली आणि ते आडवे कोसळले. हातपाय झटके देत होते. बाई किंचाळल्या. फिट मी पुस्तकात वाचली होती, पाहिली नव्हती. मी त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली, त्यांना कुशीवर वळवायचा प्रयत्न केला, आणि मनात एकच वाक्य घुमत होतं, हे मी केलं, हे मी केलं.

शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. नाशिकच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते शुद्धीवर आले होते, पण कुठे आहोत ते त्यांना कळत नव्हतं. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय घेत होते?"

बाईंच्या पदराचं टोक तोंडात.

मी नाव सांगितलं, किती घेत असतील तेही सांगितलं.

"कुठून मिळत होत्या?"

खोटं बोलता आलं असतं. पण किती वर्षांची सवय, हे त्यांना कळल्याशिवाय उपचार नीट झाला नसता, असं मला वाटलं. "आमच्याच दुकानातून," मी म्हटलं. "बारा वर्षं. नियम यायच्या आधी. चिठ्ठीशिवाय."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदावर लिहीत म्हणाल्या, "नियम चांगला आहे. पण ज्यांना सवय लावून ठेवली त्यांचं काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही, हो ना?" त्यांनी काकांना भरती करून घेतलं. औषध थोडं थोडं कमी करत न्यायचं, आणि ते दवाखान्यातूनच मिळेल असं सांगितलं. कचेरीसाठी त्यांनी फिटचा आजार एवढंच लिहून दिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

दुकानात परतून मी शेठना सांगितलं की दुकानाचं नाव मी दिलंय. ते खुर्चीत बसले ते उठेचनात. चहा गार झाला. बऱ्याच वेळानं विचारलं, "जगतील ना ते?" मी हो म्हटलं, जरी मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची पाकिटं आणली आणि माझ्यासमोर एक एक कॅप्सूल उघडून पावडर मोरीत सोडली.

त्यानंतर कित्येक दिवस दुकानासमोर स्कूटर थांबली की आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायचो. शेवटी इन्स्पेक्टर आले. त्यांनी खण पाहिले, माझी हजेरी पाहिली, शेऱ्याच्या वहीवर सही केली, पाणी मागितलं आणि गेले. डॉक्टरबाईंनी कळवलं नाही, की कळवूनही ते काही बोलले नाहीत, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

काका जगले. पुन्हा कामावर गेले. ते आमच्या दुकानात कधी आले नाहीत. पुढे पावसाळ्यात देवी चौकाकडच्या भाजीबाजारात ते आणि बाई अचानक समोर आले. बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. काका बारीक झाले होते, पण हात स्थिर होता. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, "तेव्हा तुमचा फार राग आला होता मला."

"माहीत आहे, काका."

"अजूनही येतो कधी कधी. झोप काही पहिल्यासारखी लागत नाही." मग म्हणाले, "पण उठतो सकाळी."

बाईंनी त्यांना कोथिंबिरीकडे ओढलं. मीही माझी भाजी घेतली आणि घरी आले.